बायनरी सर्च मुलाखतीत कसा लिहावा: आकडा नको, सीमा शोधा

रविवारी सकाळी मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत सराव मुलाखती घेते. येणारी मुलंमुली शेवटच्या वर्षाची, कुणी चांदवडहून, कुणी येवल्याहून. बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी मधला घटक पाहून अर्धा भाग सोडून देत शोधणं, सगळ्यांना तोंडपाठ असतो. कागदावर लिहायला दिला की मात्र त्याच तीन जागी गाडी अडते: लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) कधीपर्यंत चालवायचा, मिड म्हणजे मधलं घर पाहिल्यावर कोणतं टोक कुठे न्यायचं, आणि शेवटी परत काय द्यायचं. मग 'बेरीज एक करू का वजा एक' असं करत अंदाजाने कोड दुरुस्त होतो. एक उदाहरण चालतं, पुढचं चालत नाही.

याचं कारण मला एकच दिसतं. आपण 'आकडा सापडला का' असं विचारत बसतो. त्याऐवजी 'सीमा कुठे आहे' असं विचारलं, तर एकच साचा जवळजवळ सगळ्या प्रश्नांना पुरतो. खाली तोच क्रमाने दिला आहे. क्रम मोडू नका. बहुतेक चुका कोड आधी आणि विचार नंतर केल्याने होतात.

पायरी १: पेन उचलण्याआधी विचारा

प्रश्न ऐकल्यावर लगेच लिहायला घेऊ नका. समोरच्याला हे विचारा:

ॲरे (ओळीने ठेवलेले घटक, घरं शून्यापासून मोजलेली) चढत्या क्रमाने आहे की उतरत्या? 'सॉर्टेड' म्हटलं की आपण चढता गृहीत धरतो.
एकच किंमत अनेकदा येऊ शकते का? येत असेल तर पहिली हवी, शेवटची हवी, की कोणतीही चालेल?
सापडलं नाही तर काय परत करायचं? उणे एक, की ती किंमत जिथे बसली असती ती जागा?
ॲरे रिकामा असू शकतो का, आणि तो किती मोठा आहे?

आकार विचारण्यामागे कारण आहे. १० लाख घटकांत बायनरी सर्चला सुमारे २० तुलना लागतात, १०० कोटींत ३०. पण ॲरे सॉर्ट केलेला नसेल आणि एकदाच शोधायचं असेल, तर आधी सॉर्ट करणं हा तोटा आहे. सरळ एकेक घटक पाहत जाणं स्वस्त पडतं. एकाच ॲरेत हजारो वेळा शोधायचं असेल तर सॉर्टचा खर्च वसूल होतो. हे तुम्ही आपणहून बोललात तर मुलाखत घेणाऱ्याला कळतं की तुम्ही पाठांतर लिहीत नाही आहात.

लक्षात ठेवा: लिंक्ड लिस्ट (ज्यात प्रत्येक घटक फक्त पुढच्याचा पत्ता सांगतो) सॉर्टेड असली तरी तिथे हा उपाय लावू नका. मधल्या घटकापर्यंत पोहोचायलाच चालत जावं लागतं.

पायरी २: हो-नाहीचा एक प्रश्न ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच वगळली जाते.

नाशिकहून पुण्याला एसटीने गेला असाल तर रस्त्यावरची गावं ओळीने आठवा:

० नाशिक, १ सिन्नर, २ संगमनेर, ३ आळेफाटा, ४ नारायणगाव, ५ मंचर, ६ राजगुरुनगर, ७ चाकण.

आता प्रत्येक गावाला एकच प्रश्न विचारा: 'तू पुणे जिल्ह्यात आहेस का?' उत्तरं अशी येतात:

नाही, नाही, नाही, हो, हो, हो, हो, हो.

ही नावं वर्णानुक्रमाने लावलेली नाहीत. तरी बायनरी सर्च चालतो, कारण एकदा 'हो' सुरू झालं की पुन्हा 'नाही' येत नाही. बायनरी सर्चला लागतं ते एवढंच. सॉर्टेड ॲरे ही त्याची एक सोय आहे, अट नव्हे.

तुमच्या प्रश्नातला हो-नाहीचा प्रश्न कोणता, तो कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पूर्ण वाक्यात लिहा. शोधायचा आकडा क्ष धरला तर 'हा घटक क्ष इतका किंवा क्षपेक्षा मोठा आहे का?' हा सर्वांत नेहमीचा. मग शोधायचं काय, तर पहिलं 'हो'.

तपासा: डावीकडून उजवीकडे जाताना उत्तर एकदाच बदलतं का? 'हा घटक क्षच आहे का?' असा प्रश्न घेतलात तर नाही, नाही, हो, नाही अशी ओळ होते. मधे 'नाही' मिळाल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे हे त्यातून कळत नाही. तसा प्रश्न घेऊ नका.

पायरी ३: दोन टोकांचा करार, आणि मगच कोड

लो (डावं टोक) आणि हाय (उजवं टोक) हे दोन नुसते आकडे नाहीत. प्रत्येकाचा एक करार आहे, आणि लूपच्या प्रत्येक फेरीत तो पाळला गेलाच पाहिजे:

लोच्या डावीकडचे सगळे 'नाही' आहेत.
हाय आणि त्याच्या उजवीकडचे सगळे 'हो' आहेत.

सुरुवातीला लो शून्यावर असतो. त्याच्या डावीकडे काहीच नाही, म्हणून करार आपोआप पाळला जातो. हाय ॲरेच्या लांबीइतका असतो, म्हणजे शेवटच्या घटकाच्याही एक घर पुढे. तिथे एक काल्पनिक 'हो' उभा आहे असं समजा. हाय तिथे ठेवल्याने 'एकही हो नाही' ही शक्यता वेगळी हाताळावी लागत नाही.

आता कोड. नावं मी वर्गात म्हणते तशीच ठेवली आहेत. अट म्हणजे पायरी २ मधला प्रश्न.

लो = ०
हाय = लांबी
जोवर लो < हाय:
    मिड = लो + (हाय − लो) / २
    जर अट(मिड) 'हो' असेल: हाय = मिड
    नसेल तर: लो = मिड + १
परत द्या: लो

भागाकार पूर्णांकाचा, म्हणजे उरलेला अर्धा सोडून द्यायचा.

प्रत्येक ओळ करारातून आली आहे. मिडला 'हो' मिळालं तर मिडपासून उजवीकडे सगळे 'हो', म्हणून हाय थेट मिडवर येतो. मिडला 'नाही' मिळालं तर मिडपर्यंत सगळे 'नाही', म्हणून लो त्याच्या एक पुढे. लो आणि हाय एकत्र आले की मधे अनोळखी घर उरत नाही, आणि दोघं उभे असतात ते पहिल्या 'हो'वर. त्यामुळे लो द्यायचा की हाय हा वादच राहत नाही.

गावांवर चालवून पाहू. लो ०, हाय ८. मिड ४, नारायणगाव, हो, हाय ४. मिड २, संगमनेर, नाही, लो ३. मिड ३, आळेफाटा, हो, हाय ३. लो आणि हाय दोन्ही ३ वर. तीन प्रश्नांत आळेफाटा.

इथल्या चार चुका एकेक करून पाहा, कारण मुलाखतीत पुन्हा पुन्हा याच दिसतात.

पहिली चूक: हाय = मिड − १. दुसऱ्या एका साच्यातली ही ओळ इथे चिकटवली जाते. वरच्या आठ गावांवर ती चालवा: मिड ४, हो, हाय ३, मिड १, नाही, लो २, मिड २, नाही, लो ३. उत्तर ३, बरोबर! आता चाकण काढून सातच गावं घ्या. मिड ३, आळेफाटा, हो, हाय २. मिड १, सिन्नर, नाही, लो २. लूप संपला, उत्तर संगमनेर. चूक. हातात आलेलं उत्तर आपण स्वतःच फेकून दिलं. एक उदाहरण बरोबर आलं म्हणून कोडवर विश्वास ठेवू नका, तो का ठेवायचा नाही हे या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

दुसरी चूक: लो = मिड. समजा लो ३, हाय ४. मिड ३ येतो. 'नाही' मिळालं तर लो पुन्हा ३. लूप कधीच थांबत नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी हेच लिहिलं होतं. समोरच्यांनी शांतपणे दोन घटकांचा ॲरे दिला आणि म्हणाले, 'यावर चालवा.' तिसऱ्या फेरीलाही तेच आकडे आल्यावर मला कळलं, पण तोवर वेळ संपत आली होती. तेव्हापासून दोन घटकांची चाचणी मी सर्वांत आधी करते.

तिसरी चूक: लूपची अट लो <= हाय आणि आत हाय = मिड. लो आणि हाय दोन्ही ३ असताना मिड ३, हो, हाय ३. इथेही लूप अडकतो. लो <= हाय असलेला साचा चुकीचा नाही; त्यात हाय लांबी − १ पासून सुरू होतो आणि दोन्ही टोकं मिडच्या पलीकडे जातात. पण दोन साच्यांची सरमिसळ नको. एकच निवडा आणि वर्षभर तोच लिहा.

चौथी चूक: मिड = (लो + हाय) / २. पायथॉनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही, तिथे बिघडत नाही. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७ आहे. लो आणि हाय दोन्ही दीडशे कोटींच्या आसपास असतील तर बेरीज त्यापलीकडे जाते. जावात मिड ऋण येतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही ही चूक अनेक वर्षं राहिली होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. वजाबाकीवाली ओळ हाताला लावून घ्या. तिचा आणखी एक फायदा: लो आणि हाय ऋण असले तरी ती खालच्या बाजूलाच झुकते. लो −३ आणि हाय −२ असताना जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये (−३ + −२) / २ चं उत्तर −२ येतं, म्हणजे मिड हायवरच जातो आणि लूप अडकतो. −३ + १ / २ केलं की −३ येतं आणि काम पुढे सरकतं.

थांबा आणि तपासा: लूपमधल्या प्रत्येक फेरीत लो आणि हाय यांच्यातलं अंतर किमान एकने कमी होतं का? दोन्ही फांद्यांसाठी स्वतंत्र पाहा.

पायरी ४: लूपनंतरची तपासणी

साचा 'पहिलं हो कुठे' एवढंच सांगतो. तिथे तुमचा आकडा आहेच असं नाही. म्हणून क्ष शोधायचा असेल तर लूपनंतर दोन प्रश्न, याच क्रमाने: लो लांबीपेक्षा कमी आहे का? असेल तर त्या जागी क्ष आहे का? क्रम उलटा केला आणि क्ष सगळ्यांपेक्षा मोठा निघाला, तर ॲरेबाहेरचं घर वाचलं जातं आणि प्रोग्रॅम कोसळतो.

पायरी ५: तीच किंमत अनेकदा येते तेव्हा

समजा बाजार समितीतल्या कांद्याच्या लिलावाचे क्विंटलमागचे भाव चढत्या क्रमाने लावले (आकडे उदाहरणापुरते):

९००, ११५०, ११५०, ११५०, १४००, १६२०, १८००

११५० किती वेळा आला? नेहमीचं उत्तर असं असतं: बायनरी सर्चने कुठलाही एक ११५० गाठायचा आणि मग डावी-उजवीकडे चालत मोजायचं. सगळेच भाव ११५० असले तर ते चालणं पूर्ण ॲरेभर होतं आणि बायनरी सर्चचा उपयोगच संपतो. मुलाखत घेणारा बहुधा तोच ॲरे देतो.

त्याऐवजी साचा दोनदा चालवा, प्रश्न बदलून.

'भाव ११५० किंवा जास्त आहे का?' लो ०, हाय ७. मिड ३, हो. मिड १, हो. मिड ०, नाही. उत्तर १.

'भाव ११५० पेक्षा जास्त आहे का?' मिड ३, नाही, लो ४. मिड ५, हो. मिड ४, हो. उत्तर ४.

४ − १ = ३. तीन वेळा. पहिला ११५० घर १ वर, शेवटचा ४ − १ म्हणजे घर ३ वर.

'शेवटचा' शोधण्यासाठी वेगळा साचा पाठ करू नका, असं मी आग्रहाने सांगते. त्यात मिड काढताना एक मिळवून तो वर झुकवावा लागतो, आणि घाईत तो एक विसरला की लूप अडकतो. पुढच्या गटाचं पहिलं 'हो' काढा आणि एक वजा करा.

तयार फंक्शनही माहीत असू द्या. सी प्लस प्लसमधले लोअर बाउंड आणि अपर बाउंड, पायथॉनच्या बायसेक्ट मॉड्यूलमधले लेफ्ट आणि राइट, हे वरचेच दोन प्रश्न आहेत. जावाच्या ॲरेज क्लासमधलं बायनरी सर्च मात्र डुप्लिकेट असताना कोणता सापडेल याची हमी देत नाही, आणि न सापडल्यास −(बसण्याची जागा) − १ देतं. नुसतं उणे एक येईल असं धरून लिहिलेली तपासणी तिथे फसते.

पायरी ६: ॲरे नाही, पण सीमा आहे

आता प्रश्न वेषांतर करतो. निफाड भागातल्या सहा बागांतून द्राक्षं पॅकहाऊसला न्यायची आहेत. ओळीने माल असा आहे, क्विंटलमध्ये: ३, २, ७, ४, ५, ६. पिकअप एकच. बागांचा क्रम बदलायचा नाही, एका बागेचा माल दोन खेपांत तोडायचा नाही. तीन खेपांत काम व्हायला पिकअपची क्षमता कमीत कमी किती हवी?

इथे शोधायचा ॲरे दिसत नाही, म्हणून मुलं थबकतात. पायरी २ कडे परत जा. हो-नाहीचा प्रश्न: 'एवढ्या क्षमतेत तीन किंवा कमी खेपांत काम होतं का?' छोट्या क्षमतेला नाही. एकदा जमलं की त्याहून मोठ्या क्षमतेला जमतंच. उत्तर एकदाच बदलतं. झालं.

टोकं: सर्वांत मोठी बाग ७ ची, त्याखाली उत्तर असूच शकत नाही, म्हणून लो ७. एकूण माल २७, तेवढ्यात एका खेपेत काम होतं, म्हणून हाय २७. तो खात्रीचा 'हो' आहे, करार इथेही तसाच. लो १ पासून सुरू करू नका. मग ७ ची बाग न मावणाऱ्या पिकअपवर खेपा मोजल्या जातात आणि मोजणीचा कोड काहीतरी खोटं उत्तर देतो.

अट तपासणं म्हणजे मावेल तितकं भरत जायचं. पुढची बाग मावत नसेल तर नवी खेप.

मिड १७: खेपा २, हो, हाय १७.
मिड १२: खेपा ३, हो, हाय १२.
मिड ९: खेपा ४, नाही, लो १०.
मिड ११: (३, २), (७, ४), (५, ६), खेपा ३, हो, हाय ११.
मिड १०: खेपा ४, नाही, लो ११.

उत्तर ११ क्विंटल.

खर्चही सांगा: एका तपासणीत सगळ्या बागा एकदा पाहिल्या जातात. १ लाख बागा आणि क्षमतेचा १०० कोटींचा पल्ला असला तरी साधारण ३० वेळा १ लाख, म्हणजे ३० लाख पावलं. संगणकाला हे काहीच नाही.

पायरी ७: फिरवलेला ॲरे

४०, ५०, ६०, ७०, १०, २०, ३०. हा सॉर्टेड ॲरेच, फक्त सुरुवातीचा तुकडा उचलून शेवटी लावलेला. यातला सर्वांत लहान शोधायचा. प्रश्न: 'हा घटक शेवटच्या घटकाइतका किंवा त्यापेक्षा लहान आहे का?' नाही चार वेळा, मग हो तीन वेळा. पहिलं हो म्हणजे १०. कोडमध्ये फक्त अट बदलते. हवा तो आकडा शोधायचा असेल तर ही सीमा काढून दोन सॉर्टेड तुकड्यांपैकी योग्य तुकड्यात पुन्हा साचा चालवा.

सावध: डुप्लिकेट असतील तर हे मोडतं. ३, ३, १, ३ वर सगळीच उत्तरं 'हो' येतात आणि साचा पहिलं घर देतो, जे चूक आहे. अशा वेळी कोणतीही युक्ती केली तरी सर्वांत वाईट परिस्थितीत सगळा ॲरे पाहावा लागू शकतो. हे स्पष्ट बोला. पायरी १ मधला डुप्लिकेटचा प्रश्न विचारला असेल तर इथे गोंधळ होत नाही.

पायरी ८: 'झालं' म्हणण्याआधी

आता मुलाखतीच्या बऱ्याच फेऱ्या घरून ऑनलाइन होतात, आणि लिहायला दिलेल्या पानावर कोड चालवता येईलच असं नाही. म्हणून हाताने, या क्रमाने चालवा: दोन घटक, एक घटक, रिकामा ॲरे, क्ष सगळ्यांपेक्षा लहान, क्ष सगळ्यांपेक्षा मोठा, सगळे घटक सारखे. पहिल्या चाचणीत अडकणारे लूप सापडतात, पाचवीत पायरी ४ ची चूक. मोठं उदाहरण शेवटी, वेळ उरला तर.

चालवताना बोलत राहा, पण ओळी वाचून दाखवू नका. 'लोच्या डावीकडे सगळे नाही, हायपासून सगळे हो' हा करार सांगा आणि फेरीगणिक तो टिकतोय हे दाखवा. ज्यांचं शिक्षण मराठीतून झालं आहे त्यांनी हे आधी मराठीत, घरच्यांना ऐकवून पाहावं. समोरच्याला गावांच्या उदाहरणावरून कळलं की मग इंग्रजीत तीन-चार छोटी वाक्यं तयार करून मोठ्याने म्हणावीत. कोड येतो आणि बोलता येत नाही, अशी मुलं मी दर महिन्याला पाहते, आणि आठवडाभर रोज दहा मिनिटं असं बोललं की फरक पडतो.

सरावासाठी रोज एकच प्रश्न घ्या. कोरा कागद, वर हो-नाहीचं वाक्य, खाली कराराच्या दोन ओळी, त्याखाली साचा, आणि शेजारी दोन घटकांची चाचणी. संगणक त्यानंतर उघडा.